सॉलिड-स्टेट एनएमआर पहिल्यांदा करताय? रेणू एकमेकांना कुठे बांधलेत ते शोधायची पायरीपायरीची माहिती

सॉलिड-स्टेट एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात घन पदार्थातल्या अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजायची पद्धत) शिकायला आलेल्या नवीन मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लिक्विड एनएमआर तर रोज होतंय, सॅम्पल विरघळवलं, ट्यूबमध्ये भरलं की काम झालं, मग पावडर घेऊन हा एवढा खटाटोप कशासाठी? कारण एकच, विरघळवलं की जे बघायचं होतं तेच निघून जातं. गोळीतल्या औषधाचा एक रेणू शेजारच्या रेणूला कुठे बांधलेला आहे, ॲसिडचा हायड्रोजन कोणाकडे वळलाय, दोन रिंगा एकमेकींवर रचल्यात की बाजूबाजूला आहेत, ही सगळी माहिती घन अवस्थेतच असते, सॉल्व्हंट मध्ये शिरला की ते बंध गेले. एक्स-रेनं काम होत असेल तर जरूर करा, चांगला सिंगल क्रिस्टल मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही, पण त्यात हायड्रोजनची जागा अंधुक कळते, आणि पावडर अमॉर्फस (रेणूंची ठरावीक रचना नसलेली) असली तर एक्स-रेमध्ये नुसता एक फुगवटा येतो, त्यातून काय वाचणार.

हे सगळं हवेत सांगण्यापेक्षा एक सॅम्पल धरून चालूया. मी सगळ्यांना इंडोमेथॅसिनच सुचवते. जुनं वेदनाशामक औषध आहे, पावडर सहज विकत मिळते, आणि शिकायला याच्याइतका सोयीचा रेणू क्वचित सापडेल, कारण यात हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देऊ शकणारी जागा एकच आहे, ती म्हणजे कार्बोक्झिलिक ॲसिड. घेणाऱ्या जागा मात्र दोन-तीन. म्हणजे प्रश्न अगदी स्वच्छ होतो: हे ॲसिड कोणाला बांधलंय? दुसऱ्या ॲसिडला, शेजारच्या रेणूच्या अमाइडला, की कोणालाच नाही?

थोडंसं मागचं माहीत असू द्या, फार नको. एनएमआरचा सिग्नल १९४५-४६ च्या सुमारास ब्लॉख आणि पर्सेल यांच्या गटांना वेगवेगळा मिळाला, १९५२ चं नोबेल दोघांना मिळालं. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला इथेनॉलचे तीन वेगळे पीक (सिग्नलचे उंचवटे) दाखवणारा जो प्रसिद्ध पेपर आला त्याच्या तीन लेखकांत एक एस. एस. धर्मट्टी होते, आणि त्यांनीच पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) एनएमआरचं काम उभं केलं. घन पदार्थात अडचण अशी की रेणू जागचे हलत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांचे चुंबकीय परिणाम सरासरीत नाहीसे होत नाहीत आणि पीक इतका रुंद होतो की सगळं एकमेकांत मिसळतं. त्यावर १९५८ मध्ये वेल्समधल्या बँगरला अँड्र्यू, ब्रॅडबरी आणि ईड्स यांनी उपाय दाखवला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत लो यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं: सॅम्पल मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात तिरकं धरून जोरात फिरवायचं. यालाच मॅजिक अँगल स्पिनिंग म्हणतात, आपण पुढे मास म्हणू.

पायरी १: मशीनचा स्लॉट मागायच्या आधी प्रश्न कागदावर लिहा

"माझ्या सॅम्पलचं सॉलिड-स्टेट करून द्या" असा मेल सगळ्या फॅसिलिटींना रोज येतो आणि त्याचा कोणालाच उपयोग नसतो. एका ओळीत लिहा, मला काय हो किंवा नाही म्हणून हवंय. उदाहरणार्थ, दोन औषधं एकत्र वाटून जी नवी पावडर मिळाली ती को-क्रिस्टल आहे की मीठ, म्हणजे प्रोटॉन (हायड्रोजनचं केंद्रक) ॲसिडवरच राहिला की नायट्रोजनवर गेला? हा प्रश्न असेल तर नायट्रोजन-१५ बघायचा, कारण पिरिडीनसारख्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसला की त्याची शिफ्ट (स्पेक्ट्रममधली पीकची जागा, ती पीपीएममध्ये मोजतात) ८० ते १०० पीपीएमनं खाली येते, यात गोंधळाला जागाच नाही. फक्त बंध आहे की नाही एवढंच हवं असेल तर कार्बन-१३ पासून सुरुवात. कोण कोणाच्या किती जवळ हे हवं असेल तर प्रोटॉनच्या टू-डी (दोन अक्षांवरच्या) प्रयोगांशिवाय गत्यंतर नाही. प्रश्नावरून न्यूक्लियस ठरतो, न्यूक्लियसवरून प्रोब (मॅग्नेटच्या आत सॅम्पल धरून सिग्नल पकडणारा भाग), प्रोबवरून रोटर (सॅम्पलची फिरती नळी) आणि रोटरवरून किती पावडर लागणार ते, या क्रमानं विचार केला की निम्मी धावपळ वाचते.

मशीन कुठे? पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबई आणि हैदराबादचं टीआयएफआर, बंगळुरूचं आयआयएससी, इथे सॉलिड-स्टेटचं काम वर्षानुवर्षं चालतं. आपल्या गाईडना सांगून रीतसर विनंती पाठवा, आणि तिथल्या ऑपरेटरशी आधी फोनवर बोलून घ्या, त्या दहा मिनिटांत जे कळतं ते वेबसाइटवर नसतं.

पायरी २: सॅम्पल ओळखून घ्या

इंडोमेथॅसिनचे दोन नेहमीचे क्रिस्टल प्रकार आहेत, गॅमा आणि अल्फा, आणि तिसरं अमॉर्फस. विकत मिळते ती पावडर सहसा गॅमा, वितळणबिंदू साधारण १६०-१६१ अंश. इथेनॉलमध्ये गरम करून विरघळवायचं आणि पाणी ओतायचं, जो साका खाली बसतो तो अल्फा, तो १५२-१५४ च्या आसपास वितळतो. गॅमा वितळवून द्रव नायट्रोजनमध्ये झटकन थंड केलं की अमॉर्फस काचेसारखं पिवळं मिळतं. तिन्हीचं पावडर एक्स-रे आणि डीएससी (तापवताना किती उष्णता लागते ते मोजायची चाचणी) आधी करून ठेवा, हे टाळू नकाच. एनएमआरच्या महागड्या वेळात "अरे, हे तर मिश्रण निघालं" असं कळण्यात काही अर्थ नाही.

आणि वाटताना सांभाळून. बारीक पावडर रोटरमध्ये छान बसते म्हणून खलबत्त्यात जोरजोरात घोटत बसायचं नाही, गॅमा इंडोमेथॅसिन थंडीत बराच वेळ घोटलं तर तेच अमॉर्फस होतं, म्हणजे तुम्ही मोजणार ते तुम्हीच बनवलेलं काहीतरी. हलक्या हातानं गुठळ्या मोडा, बस. औषधाची पावडर आहे, हातमोजे आणि मास्क घालूनच काम करा.

पायरी ३: रोटर भरणं

हे काम दिसायला किरकोळ आहे पण सगळा खेळ इथे ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रोटर म्हणजे झिर्कोनियाची छोटी नळी, वर प्लॅस्टिकची पंख असलेली कॅप. ४ मिलिमीटरचा रोटर साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो, ३.२ चा २४ पर्यंत, १.३ चा ६० च्या वर, आणि ०.७ चा १०० च्या पुढे. किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार फेऱ्या, हे लक्षात घ्या, ६० किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साठ हजार. ४ मिलिमीटरमध्ये ५०-१०० मिलिग्रॅम पावडर मावते, १.३ मध्ये जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम.

फनेल लावा, थोडी पावडर टाका, दांडीनं हलकेच दाबा, पुन्हा थोडी टाका. एकदम सगळी ओतून वरून ठोकली तर खाली पोकळी राहते आणि फिरताना पावडर एका बाजूला सरकते, मग वॉशिंग मशीनमध्ये ओली गोधडी एका कडेला गोळा झाल्यावर मशीन जसं थडथडतं तसं होतं, फक्त इथे वेग हजारोपट असतो आणि रोटर फुटून प्रोबच्या आतला भाग खराब होऊ शकतो. कॅप बसेल एवढी जागा वर सोडा, त्या मापाची वेगळी दांडी किटमध्ये असते, अंदाजानं करू नका. काठावर चिकटलेली पावडर टिश्यूनं पुसा, मग कॅप सरळ दाबा, कडेला केसाएवढी फट दिसली तरी काढून पुन्हा बसवा. रोटर बोटांनी फिरवून भिंगातून बघा, चीर दिसली तर तो रोटर बाजूला. शेवटी तळाच्या कडेची अर्धी बाजू काळ्या मार्करनं रंगवलेली आहे ना ते बघा, वेग मोजणारा सेन्सर त्या काळ्या-पांढऱ्या बदलावरूनच मोजतो, आणि ती खूण पुसट झाली की वेग उड्या मारताना दिसतो आणि माणसं उगाच सॅम्पलला दोष देत बसतात.

पायरी ४: मॅग्नेटजवळ

खिशातलं पाकीट, कार्ड, किल्ल्या, मोबाइल, घड्याळ बाहेर. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी ५ गॉसची रेषा ओलांडायचीच नाही. स्टीलचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, खुर्ची काहीही जवळ नेऊ नका. मॅग्नेट क्वेंच झाला, म्हणजे आतलं हेलियम वायू होऊन बाहेर यायला लागलं, तर काही वाचवत बसू नका, खोलीतून बाहेर पडा, ऑक्सिजन कमी होतो.

पायरी ५: मशीन सेट करणं

आपल्या सॅम्पलआधी तीन पावडरी, आणि या क्रमानं. पहिली पोटॅशियम ब्रोमाइड, कोन जुळवायला. ब्रोमिन-७९ ची फ्रिक्वेन्सी कार्बन-१३ च्या अगदी जवळ आहे म्हणून प्रोब फारसं बदलावं लागत नाही. ५ किलोहर्ट्झला फिरवा, सिग्नल घ्या, त्यात दर ०.२ मिलिसेकंदाला एकेक टोक दिसेल, ही टोकं जितकी लांबवर टिकतील तितका कोन बरोबर. साधारण १० मिलिसेकंदांपर्यंत दिसली की समाधान माना. इथे घाई केली तर पुढचं सगळं थोडं थोडं बिघडतं आणि कारण कळत नाही.

दुसरी अ‍ॅडमँटेन, शिम (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) आणि रेफरन्ससाठी (शिफ्टचे आकडे जुळवायला), उजवीकडचा नव्हे, डावीकडचा पीक ३८.४८ पीपीएमवर ठेवा. तिसरी ग्लायसीन. हिच्यावर क्रॉस पोलरायझेशन, थोडक्यात सीपी, जुळवायचं. कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्के, त्याचा सिग्नल कमकुवत, म्हणून प्रोटॉनचं चुंबकत्व कार्बनकडे वळवायचं, तत्त्वतः चारपट फायदा होतो. ही युक्ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये पाइन्स, गिबी आणि वॉ यांनी दाखवली, आणि १९७६ मध्ये शेफर आणि स्टेजस्कल यांनी ती फिरणाऱ्या सॅम्पलशी जोडली, आज आपण रोज वापरतो ते सीपी-मास म्हणजे हेच. अल्फा ग्लायसीनचा कार्बोनिल १७६.५ च्या आसपास आला की रेफरन्स नीट आहे असं समजा.

आता स्वतःचं सॅम्पल. बेअरिंगची हवा आधी, ड्राइव्ह नंतर, आणि वेग टप्प्याटप्प्यानं वाढवा, दोन-तीन किलोहर्ट्झवर थोडं थांबून बघा. काढताना पूर्ण थांबल्याशिवाय बाहेर काढायचं नाही.

मग प्रोटॉनचा टी-वन (एका स्कॅननंतर चुंबकत्व पुन्हा पूर्ववत होण्याचा वेळ) मोजा. मोजाच. दोन स्कॅनमधला वेळ यावर ठरतो, कमीत कमी वेळात जास्त सिग्नल हवा तर साधारण १.३ पट टी-वन, प्रमाण मोजायचं असेल तर पाचपट. घट्ट क्रिस्टलमध्ये हा वेळ मिनिटांत जाऊ शकतो, आणि मिश्रणात दोन प्रकारांचे टी-वन वेगळे असले तर घाईघाईत घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये एक प्रकार चक्क गायब होतो.

पायरी ६: कार्बनचा पहिला स्पेक्ट्रम वाचणं

४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर, ४ मिलिमीटर रोटर, १२ किलोहर्ट्झ, कॉन्टॅक्ट टाइम (प्रोटॉनकडून कार्बनकडे चुंबकत्व वळवायचा वेळ) दीड-दोन मिलिसेकंद, स्पायनल-६४ डीकपलिंग (कार्बनवरचा प्रोटॉनचा परिणाम पुसणारे पल्स), इथून सुरू करा. जोरकस डीकपलिंग चालू असताना सिग्नल घ्यायचा काळ ५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा, प्रोब तापतो.

गॅमाचा स्पेक्ट्रम आला की डावीकडे बघा. १७९ च्या आसपास ॲसिडचा कार्बन, १६८ च्या आसपास अमाइडचा. आता ५५ च्या जवळ मेथॉक्सीचा पीक आहे आणि त्याच्या बाजूला ५९ ला अजून एक लहानसा दिसतोय, हा कोण? घाबरू नका, या मशीनवर कार्बनसाठी १२ किलोहर्ट्झ म्हणजे १२० पीपीएम, १७९ मधून १२० गेले की ५९, म्हणजे ही ॲसिडच्या पीकची साइडबँड आहे, म्हणजे फिरण्याच्या वेगाएवढ्या अंतरावर पडणारी त्याची सावली. ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे वेग बदलून पुन्हा घ्या, जो सरकला तो साइडबँड, जो जागेवर राहिला तो खरा. क्लोरीनला जोडलेला कार्बन रुंद आणि वेडावाकडा दिसेल, ते क्लोरीनमुळे, सॅम्पल खराब नाही.

आता अल्फा लावा. लगेच दिसेल की एकेका कार्बनच्या जागी जास्त पीक आलेत, कारण अल्फाच्या क्रिस्टलमध्ये तीन वेगवेगळ्या वातावरणातले रेणू आहेत, गॅमामध्ये एकच. आणि ॲसिडच्या कार्बनकडे नीट बघा: दोन १८० च्या आसपास, तिसरा मात्र १७२-१७३ कडे घसरलेला. याचा अर्थ क्रिस्टल रचनेशी तंतोतंत जुळतो, दोन रेणूंची ॲसिडं एकमेकांना बांधून जोडी करतात आणि तिसऱ्याचं ॲसिड त्या जोडीतल्या एकाच्या अमाइडला बांधलंय. सहा-सात पीपीएमच्या फरकात कोण कोणाला बांधलंय ते सरळ दिसतं! मला या तंत्राची सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

मग अमॉर्फस. इथे १८० ते १७० या पट्ट्यात एक रुंद ढीग दिसेल, पण आता तुमच्याकडे अल्फा-गॅमामधून शिकलेले दोन आकडे आहेत, १७९ म्हणजे जोडी, १७२ म्हणजे अमाइडला बांधलेलं, आणि त्यात आणखी दोन धरा, १७६ च्या जवळ ॲसिडांची साखळी, १७० म्हणजे मोकळं. तो ढीग या चार भागांत फोडता येतो, आणि २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या कामात नेमकं हेच करून दाखवलंय की अमॉर्फसमध्येसुद्धा निम्म्याहून जास्त रेणू जोडीतच असतात. अमॉर्फस म्हणजे सगळं विस्कटलेलं असं जे आपण धरून चालतो ते बरोबर नाही.

फिटिंग करताना एक पथ्य पाळा, साधं सीपी प्रमाण दाखवत नाही. कॉन्टॅक्ट टाइम बदलत चार-पाच स्पेक्ट्रम घ्या आणि प्रत्येक पीक कसा वाढतो-उतरतो ते बघा, मगच टक्केवारी लिहा.

आणि तापमान! अमॉर्फस इंडोमेथॅसिनचं ग्लास ट्रान्झिशन (काचेसारखा पदार्थ मऊ व्हायला लागतो ते तापमान) ४२ अंशांच्या आसपास आहे. ४ मिलिमीटर रोटर १२ किलोहर्ट्झला फिरताना घर्षणानं दहाएक अंश तापतो, १.३ मिलिमीटर ६० किलोहर्ट्झला तीस-चाळीस अंशांनी. म्हणजे एसीत २५ अंश दाखवतंय म्हणून निर्धास्त राहिलात तर आत सॅम्पल मऊ होऊन क्रिस्टल व्हायला लागलेलं असू शकतं. थंड वायू सोडा, लेड नायट्रेट किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या शिफ्टवरून आतलं खरं तापमान काढा, आणि रन संपल्यावर पहिला छोटा स्पेक्ट्रम पुन्हा घेऊन ताडून बघा.

पायरी ७: प्रोटॉनकडे

कार्बनच्या शिफ्टवरून आपण अंदाज बांधतो, प्रोटॉन थेट शेजारी दाखवतो. ५०-६० किलोहर्ट्झला फिरवलं की प्रोटॉनचे पीक वाचण्यालायक होतात. ॲसिडचा प्रोटॉन १२-१३ पीपीएमला वेगळा उभा दिसेल, बंध जितका घट्ट तितका तो डावीकडे, फार घट्ट बंधात तो १५ च्याही पुढे जातो. याउलट एखादा प्रोटॉन शेजारच्या रेणूच्या रिंगेच्या वर बसला असेल तर तो अपेक्षेपेक्षा उजवीकडे सरकतो, रचलेल्या रिंगा ओळखायची ही हक्काची खूण.

मग डबल क्वांटम प्रयोग घ्या. यात साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या प्रोटॉनच्या जोड्याच दिसतात, आणि उभ्या अक्षावर दोघांच्या शिफ्टची बेरीज येते. गॅमामध्ये दोन ॲसिडं समोरासमोर आहेत, दोन्हींचे प्रोटॉन सारखेच, म्हणून १२.७ अधिक १२.७, २५.४ ला कर्णावरच एक पीक. तो दिसला की जोडीचा पुरावा हातात. तिथे पीक नसून ॲसिड आणि अरोमॅटिक यांच्या बेरजेला असेल तर शेजारी दुसराच कोणी आहे. जवळ नायट्रोजन असलेला सोबती असेल, उदाहरणार्थ निकोटिनॅमाइड, तर नायट्रोजन-१४ आणि प्रोटॉनचा टू-डी घ्या. नायट्रोजन-१४ निसर्गात ९९.६ टक्के आहे, त्यामुळे महाग लेबलिंगची गरज पडत नाही. इंडोमेथॅसिन-निकोटिनॅमाइड को-क्रिस्टलमधले हायड्रोजन बंध असेच, डबल क्वांटम आणि नायट्रोजन-प्रोटॉन मिळून, वॉरविकच्या स्टीव्हन ब्राऊन यांच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ओळखून दाखवले. त्यासाठी सिंगल क्रिस्टल हाताशी असावाच लागत नाही.

पायरी ८: गणिताशी ताडणं

२००१ मध्ये पिकार्ड आणि मॉरी यांनी गायपॉ ही पद्धत दिली, त्यानं संपूर्ण क्रिस्टल धरून शिफ्ट काढता येतात, कॅस्टेप किंवा क्वांटम एस्प्रेसो या सॉफ्टवेअरमध्ये होतं. आधी हायड्रोजनच्या जागा ऑप्टिमाइज करा, एक्स-रेनं दिलेल्या तशाच घेतल्या तर प्रोटॉनचे आकडे भलतेच येतात. मग एकच रेणू क्रिस्टलमधून उचलून, आकार न बदलता, रिकाम्या डब्यात ठेवून पुन्हा गणित करा. दोन उत्तरांतला फरक म्हणजे निव्वळ शेजाऱ्यांचा परिणाम. ॲसिडच्या प्रोटॉनमध्ये तो फरक अनेक पीपीएमचा निघतो, मिथाइलमध्ये जेमतेम, आणि कोणता बंध महत्त्वाचा ते आकड्यात दिसतं.

गॅमा, अल्फा, अमॉर्फस हे तिन्ही जमलं की पुढचं सॅम्पल पीव्हीपी या पॉलिमरमध्ये मिसळलेलं अमॉर्फस इंडोमेथॅसिन घ्या, औषध कंपन्यांना खरा रस तिथेच आहे, कारण पॉलिमरनं रेणूंच्या जोड्या मोडल्या तर औषध लवकर क्रिस्टल होत नाही आणि पाण्यात चांगलं विरघळतं. स्पेक्ट्रममध्ये १७९ चा भाग पॉलिमर वाढवला तसा कमी होत जाताना दिसायला हवा. पण एक अडचण आधीच सांगते, पीव्हीपीचा स्वतःचा कार्बोनिल १७५ च्या आसपास, म्हणजे बरोबर तुमच्या पट्ट्याच्या मध्यावर येतो. म्हणून नुसत्या पीव्हीपीचा स्पेक्ट्रम त्याच रोटरमध्ये, त्याच वेगानं आणि त्याच कॉन्टॅक्ट टाइमला घेऊन ठेवा, फिटिंगमध्ये त्याची जागा आणि रुंदी बांधून टाका, आणि पीव्हीपी हवेतलं पाणी पटकन ओढतं, तेव्हा दोन्ही सॅम्पल भरायच्या आधी व्हॅक्युममध्ये नीट वाळवून घ्या.